सेवेत जायचंय? मग बायबल आणि थिऑलॉजीचा अभ्यास कुठून सुरू करायचा, कसा करायचा

चर्चच्या सेवेत जायचं मनात पक्कं झालं की पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, कुठल्या बायबल कॉलेजला ॲडमिशन घेऊ. प्रश्न चुकीचा नाही, पण तो सगळ्यात आधी विचारला की पुढचं सगळं उलटं होत जातं, कारण मग तीन-चार वर्षं नोट्स, असाइनमेंट आणि परीक्षांमध्ये जातात आणि बाहेर पडल्यावर लक्षात येतं की यिर्मयावरच्या नोट्स तोंडपाठ आहेत पण यिर्मयाचं पुस्तक काही सलग वाचलेलं नाही. माझं मत सरळ आहे. आधी मूळ मजकूर, मग त्याच्याबद्दल बाकीच्यांनी काय म्हटलंय ते, आणि प्रवचन सगळ्यात शेवटी. हा क्रम धरला तर साधं कॉलेजही पुरतं, नाही धरला तर नावाजलेली सेमिनरीही (सेवकांना तयार करणारी संस्था) फार काही करू शकत नाही. खाली लिहिलेलं पास्टर, प्रीस्ट, सिस्टर, इव्हँजेलिस्ट, चॅप्लेन, युवकांमध्ये काम करणारे, सगळ्यांना थोड्याफार फरकाने लागू पडेल, चर्च कुठलंही असो.

अभ्यासाच्या आधी: पाचारण, म्हणजे देवाचं सेवेसाठी बोलावणं, तपासून घ्या, आणि ते एकट्याने नको

१ तीमथ्य ३:१-७ आणि तीत १:५-९ हे दोन उतारे एका कागदावर हाताने लिहून काढा. मग बघा, त्यात कौशल्य म्हणता येईल असं जवळपास एकच काम आहे, शिकवता येणं. बाकी सगळं स्वभावाबद्दल आहे, रागावर ताबा, पैशाचा लोभ नसणं, दारूच्या आहारी न जाणं, घर नीट सांभाळणं, बाहेरच्या लोकांतही नाव चांगलं असणं. हा कागद तुम्हाला रोज बघणाऱ्या दोन-तीन माणसांना द्या, त्यातला एक तरी तुमच्याशी फारसं न पटणारा असू दे, आणि विचारा की यातलं माझ्यात काय कमी आहे. उत्तर ऐकताना खुलासे देत बसायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. पुढे मंडळीत जे काही बिनसतं ते ग्रीक कच्चं असल्यामुळे क्वचितच बिनसतं, या यादीतल्या गोष्टींमुळेच बिनसतं.

दुसरी गोष्ट, तुमच्या चर्चची ऑर्डिनेशनची, म्हणजे सेवक म्हणून अधिकृत दीक्षा देण्याची, प्रक्रिया काय आहे ते आधीच विचारा, जमलं तर लेखी. प्रत्येकाकडे वेगळं असतं. कॅथलिक चर्चच्या कॅनन लॉप्रमाणे (चर्चचा स्वतःचा कायदा) प्रीस्ट होण्यासाठी किमान सहा पूर्ण वर्षांचा अभ्यास लागतो, त्यातली दोन तत्त्वज्ञानाची आणि चार थिऑलॉजीची. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत प्रेस्बिटरीसमोर, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांच्या सभेसमोर, परीक्षा आणि मुलाखत होते, अँग्लिकन आणि मेथडिस्टांचे स्वतःचे टप्पे आहेत, आणि कितीतरी स्वतंत्र मंडळ्यांत डिग्रीची अटच नसते, मंडळीच्या वडीलजनांनी डोक्यावर हात ठेवून नेमलं की झालं. स्त्रियांना ऑर्डिनेशन मिळतं का, हाही प्रश्न चर्चनुसार वेगळा सुटतो, तेव्हा मुलींनी तर तो पहिल्याच दिवशी विचारावा. नाहीतर चार वर्षं शिकून झाल्यावर कळतं की आपल्या चर्चला ही डिग्रीच मान्य नाही.

पायरी १: सगळं बायबल एकदा सलग

प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलमध्ये ७३. ६६ पुस्तकांचे मिळून १,१८९ अध्याय होतात, त्यातले ९२९ जुन्या करारात आणि २६० नव्या करारात. म्हणजे रोज तीन-चार अध्याय वाचले की वर्षात सगळं होतं. एवढंही झेपत नसेल तर नुसता नवा करार घ्या, आठवड्यातले पाच दिवस रोज एक अध्याय, ५२ आठवड्यांत बरोबर २६० होतात.

हे वाचन करताना कॉमेंटरी (बायबल समजावून सांगणारं पुस्तक) बंद, यूट्यूब बंद, स्टडी बायबलच्या खालच्या टिपाही बंद. अंडरलाइनसुद्धा करू नका असं मी सांगेन, कारण रंगीत पेन हातात आलं की आपण ओळखीच्या वचनांवर थांबतो आणि अनोळखी भागावरून सुसाट पुढे जातो. फक्त एक वही ठेवा आणि प्रत्येक पुस्तक संपलं की तीन ओळी लिहा, या पुस्तकात काय घडलं, कोणाला उद्देशून आहे, आणि मला काय खटकलं. खटकलेलं आवर्जून लिहा. लेवीय पुस्तकात कंटाळा आला तर कंटाळा आला असं लिहा, यहोशवाच्या पुस्तकातल्या लढाया वाचून अस्वस्थ झालात तर तेही लिहा. पुढे मंडळीतली माणसं याच जागांबद्दल विचारणार आहेत, आणि एकदा आपण उत्तरं द्यायला शिकलो की आपले स्वतःचे प्रश्न काय होते तेच विसरायला होतं.

लहान पुस्तकं एका बैठकीत संपवा. फिलिप्पैकरांस पत्राचे चारच अध्याय, पंधरा मिनिटांत होतात. मार्कचं शुभवर्तमान मोठ्याने वाचलं तर साधारण दीड तासात होतं, आणि ते एकदा तरी मोठ्याने वाचाच, कारण ही पुस्तकं मुळात ऐकायला लिहिली होती, घरी एकट्याने डोळ्यांनी वाचणारे तेव्हा फार थोडे.

पायरी २: एका छोट्या पुस्तकावर महिनाभर ठाण मांडा

सुरुवातीला रोमकरांस पत्र घेऊ नका, प्रकटीकरण तर नकोच नको. फिलेमोन घ्या. एकच अध्याय, २५ वचनं. रोज एकदा पूर्ण वाचायचं, दोन वेगवेगळ्या भाषांतरांत, आणि फक्त जे दिसतं ते लिहायचं, अर्थ काढायचा नाही.

पहिल्या आठवड्यात साध्या गोष्टी दिसतात. पौल तुरुंगात आहे. पत्र फिलेमोनला आहे, पण वचन २ नीट बघा, त्यात अफ्फिया आहे, अर्खिप्प आहे आणि फिलेमोनच्या घरात जमणारी मंडळीही आहे, म्हणजे एका मालकाने आपल्या दासाशी कसं वागावं ही खाजगी बाब पौलाने सगळ्यांसमोर वाचली जाईल अशा पत्रात लिहिली. मग दिसतं की त्या दासाचं, अनेसिमचं, नाव थेट दहाव्या वचनात येतं, तोवर पौल आभार मानतोय, प्रेमाची आठवण देतोय, मी आज्ञा करू शकलो असतो पण विनंती करतो असं म्हणतोय. वचन १८ मध्ये तो म्हणतो त्याचं काही देणं असेल तर माझ्या खात्यावर मांड, १९ मध्ये स्वतःच्या हाताने लिहून देतो की मी फेडीन, आणि लगेच त्याच दमात आठवण करून देतो की तू स्वतःच माझं देणं लागतोस. आणि वचन २२ मध्ये काय, तर माझ्यासाठी राहायची सोय कर, मी येतोय! ही विनंती किती सौम्य आणि किती दाबाची आहे ते असं हळू वाचल्याशिवाय कळत नाही.

आता पत्रात काय नाहीये ते लिहा. अनेसिम पळून आला होता असं पत्र स्पष्ट कुठेच म्हणत नाही, आपण तसा अंदाज बांधतो. त्याला मुक्त कर असंही पौल सरळ शब्दांत म्हणत नाही, वचन १६ मध्ये तो दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू म्हणून स्वीकार असं म्हणतो. म्हणूनच एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गुलामगिरीच्या बाजूचे लोक पळालेल्या गुलामांना परत पाठवायला हेच पत्र दाखवत होते आणि गुलामगिरीविरोधकही हेच पत्र उघडून उलट वाद घालत होते. पंचवीस वचनांच्या पत्राचं इतकं होऊ शकतं, तर मोठ्या पुस्तकांचं काय होत असेल.

तिसऱ्या आठवड्यात कलस्सैकरांस ४:९ बघा, तिथे अनेसिमचं नाव पुन्हा आलंय. चौथ्या आठवड्यात, आणि तेव्हाच, एक कॉमेंटरी उघडा. तुमच्या वहीत आधीच असलेलं किती निघतं ते बघून बरं वाटेल, आणि तुम्हाला अजिबात न सुचलेलं जे निघेल ते आता डोक्यात टिकेल.

पायरी ३: वचन त्याच्या जागी ठेवून वाचायची सवय

ही सवय लागली नाही तर बाकीचा अभ्यास फुकट आहे, म्हणून एक उदाहरण पूर्ण बघू. यिर्मया २९:११, तुमच्यासाठी माझ्या योजना हिताच्या आहेत, भविष्य आणि आशा देण्याच्या आहेत. वाढदिवस, परीक्षा, नवीन नोकरी, सगळीकडे हे वचन लागतं. आता मागे जा. अध्याय २९ हे एक पत्र आहे, यिर्मयाने यरुशलेमहून बाबेलमध्ये नेलेल्या लोकांना पाठवलेलं. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमचा राजा आणि बरेच लोक उचलून नेले होते, शहर पूर्ण पडायला अजून साधारण दहा वर्षं होती. अजून एक अध्याय मागे गेलात की हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो, तो सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना अर्थात हेच ऐकायचं होतं. यिर्मयाचं पत्र म्हणतं नाही, घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं भलं मागा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि वचन १० म्हणतं सत्तर वर्षं. म्हणजे ११ वं वचन ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं त्या मोठ्या माणसांपैकी बहुतेक जण परतीचा दिवस बघायला जिवंत राहणार नव्हते.

आता हे वचन परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना द्यायचं नाही का? द्या की, पण काय देताय ते माहीत असू दे. ते झटपट सुटकेचं आश्वासन नाही, उलट झटपट सुटका विकणाऱ्या हनन्याला दिलेलं ते उत्तर आहे. लांबलेल्या आजारपणात, वर्षानुवर्षं न सुटणाऱ्या अडचणीत असलेल्या माणसाला खरंतर हे वचन जास्त जवळचं आहे.

हीच पद्धत बाकीच्या फेमस वचनांना लावा. फिलिप्पैकरांस ४:१३ घ्या आणि आधीची दोन वचनं वाचा, तिथे विषय जिंकण्याचा नाही, भरल्या पोटी आणि उपाशी, दोन्ही स्थितीत समाधानी राहण्याचा आहे. प्रकटीकरण ३:२०, मी दाराशी उभा आहे, हे लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलंय, म्हणजे दार बाहेरच्यांचं नाही, आतल्यांचंच आहे. लूक १५ मधला उधळ्या मुलगा घ्याल तेव्हा पहिली दोन वचनं सोडू नका, कुरकुर करणारे परूशी आणि शास्त्री समोर उभे आहेत, आणि मग मोठ्या भावाचा भाग कोणासाठी आहे ते आपोआप उलगडतं.

यासाठी थोडा इतिहास पाठ असावा लागतो, पण फार नाही. उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन इ.स.पू. ७२२ च्या सुमारास पडली, यरुशलेम ५८६ किंवा ५८७ मध्ये, पर्शियाचा राजा कोरेश याच्या हुकमाने बाबेलहून परतायला सुरुवात ५३८ च्या आसपास, आणि दुसरं मंदिर रोमनांनी इ.स. ७० मध्ये पाडलं. एवढे चार टप्पे भिंतीवर चिकटवा आणि प्रत्येक पुस्तक कुठे बसतं ते बघा. आमोस आणि हाग्गय दोघेही संदेष्टेच, पण एक पडण्याच्या आधीचा आणि एक परत आल्यानंतरचा, सूर वेगळा असणारच.

अवघड जागा टाळू नका

दुसऱ्या वर्षाला बरेच विद्यार्थी डगमगतात. म्हणजे प्रोफेसर सांगतात की मार्क १६:९-२० चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाही, किंवा २ शमुवेल २४:१ आणि १ इतिहास २१:१ शेजारी ठेवून वाचायला लावतात आणि एकीकडे दाविदाला शिरगणतीला परमेश्वराने प्रवृत्त केलं असं दिसतं, दुसरीकडे सैतानाने. रात्रभर झोप लागत नाही, काहींना वाटतं विश्वास गेला, काही जण उलट टोकाला जाऊन प्रोफेसरलाच नास्तिक ठरवतात.

दोन्हीची घाई नको. वहीत दोन रकाने आखा, दोन्ही उतारे शब्दशः उतरवा, काय सारखं आणि काय वेगळं ते खुणा करा, मग विचारा की दोन लेखकांचा काळ कोणता आणि वाचक कोण. १ आणि २ इतिहास ही पुस्तकं बाबेलच्या बंदिवासानंतरची आहेत हे कळलं की प्रश्न संपत नाही पण त्याला आकार येतो. आणि अशा वेळी बोलायला एक ज्येष्ठ माणूस हवाच, जो यातून आधी गेलाय आणि अजूनही प्रार्थना करतो. चार मित्रांच्या ग्रुपवर रात्री दोन वाजता हा विषय सुटत नाही.

पायरी ४: ग्रीक आणि हिब्रू, किती?

जुना करार बहुतेक सगळा हिब्रूत, दानीएल आणि एज्राचा काही भाग अरामीत, नवा करार त्या काळच्या बोली ग्रीकमध्ये. दोन्ही भाषा सगळ्यांना यायलाच हव्यात असं मी म्हणणार नाही, पण एक तरी वर्षभर नेटाने करा, आणि पहिली ग्रीक घ्या. ग्रीक नव्या करारात ५० पेक्षा जास्त वेळा येणारे शब्द तीनशेच्या आसपासच आहेत आणि एकूण मजकुराचा साधारण ८० टक्के भाग तेच व्यापतात, म्हणजे रोज पाच शब्द केले तरी दोन-अडीच महिन्यांत मोठा टप्पा होतो. शब्द सोपे, क्रियापदं जीव काढतात. म्हणून व्याकरण संपायची वाट न बघता योहानाचं पहिलं पत्र वाचायला घ्या, त्यातली वाक्यं छोटी आणि शब्द पुन्हा पुन्हा तेच. हिब्रूची अक्षरं २२, उजवीकडून डावीकडे, ती सुरुवातीला घाबरवतात पण रूथ किंवा योनापर्यंत पोचलात की मजा यायला लागते.

भाषा शिकायला वेळच नसेल तर स्टेप बायबल नावाचं फ्री टूल आहे, केंब्रिजच्या टिंडेल हाऊसने बनवलेलं, त्यात प्रत्येक शब्दामागचा मूळ शब्द दिसतो. वापरा, पण त्यावरून पुलपिटवर उभं राहून 'ग्रीकमध्ये याचा खरा अर्थ असा आहे' हे वाक्य टाकू नका. डिक्शनरीत एका शब्दाचे सहा अर्थ दिलेले असतात आणि आपल्याला आवडलेला सातवा काढायचा मोह भल्याभल्यांना होतो. तीन-चार चांगली भाषांतरं एका वचनावर एकमेकांपासून वेगळी दिसली तर समजा इथे मुळात काहीतरी अवघड आहे, एवढा उपयोग तरी भाषा न शिकलेल्यालाही होतो.

पायरी ५: चर्चचा इतिहास आणि सिद्धांत एकत्रच शिका

कॉलेजात हे दोन वेगळे पेपर असतात, एक सनावळ्यांचा आणि एक व्याख्यांचा, आणि म्हणून दोन्ही कंटाळवाणे होतात. एकत्र ठेवा. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे व्याख्येतून डोक्यात शिरत नाही. इ.स. ३२५ ची नायसियाची परिषद वाचा. एरियस नावाचा पाळक म्हणत होता की पुत्र निर्माण झालेला आहे, आणि त्याच्याकडे वचनं नव्हती असं नाही, नीतिसूत्रे ८:२२ तो पुढे करायचा. त्याच्या विरोधातल्या अथनासिअसच्या बाजूकडेही वचनं होती. दोघांच्या हातात तेच शास्त्र, मग भांडण कशावरून? सगळं शास्त्र मिळून कोणाबद्दल बोलतंय यावरून. हे समजलं की 'मी फक्त बायबल मानतो, थिऑलॉजी नाही' हे वाक्य किती पोकळ आहे ते कळतं, कारण ते म्हणणाऱ्याचीही थिऑलॉजी असतेच, फक्त ती कुठून आली हे त्याने तपासलेलं नसतं.

पुढचे थांबे: अथनासिअसचं ३६७ चं पत्र, ज्यात नव्या कराराची आजची २७ पुस्तकं यादीत आली, ४५१ ची कॅल्सिडॉन परिषद (ख्रिस्त देव आणि माणूस कसा, यावरची), १०५४ ची पूर्व-पश्चिम फूट, १५१७ ला लूथर, म्हणजे प्रोटेस्टंट सुधारणेची सुरुवात, १५४५ ते १५६३ कॅथलिकांची ट्रेंटची परिषद, १९०६ ला लॉस एंजेलिसमधलं अझुसा स्ट्रीटचं पुनरुज्जीवन जिथून पेंटेकॉस्टल चळवळ जगभर गेली, आणि १९६२ ते १९६५ दुसरी व्हॅटिकन परिषद. प्रत्येक थांब्यावर विचारायचं, प्रश्न काय होता, दोन्ही बाजूंना कशाची भीती होती.

मग स्वतःच्या चर्चचं विश्वासपत्र, म्हणजे ते चर्च काय मानतं ते सांगणारा अधिकृत दस्तऐवज, मुळातून वाचा. लूथरन असाल तर १५३० चं ऑग्सबर्ग, रिफॉर्म्ड असाल तर १५६३ चं हायडलबर्ग, कॅथलिकांसाठी १९९२ चं कॅटेकिझम (शिकवणुकीचं पुस्तक) आहेच. आणि एक एक्सरसाइज जरूर करा. लहान बाळांचा बाप्तिस्मा हा विषय घ्या, प्रेषितांची कृत्ये १६ मधली दोन घराणी, अध्याय ८ मधला कूशी अधिकारी, दोन्ही बाजू ज्यावर बोट ठेवतात ती वचनं काढा, आणि तुमच्या विरुद्ध बाजूचं म्हणणं दोन पानांत लिहा. ते त्या बाजूच्या एखाद्या माणसाला दाखवा. तो 'हो, आम्ही असंच म्हणतो' म्हणाला तर पास. 'नाही, हे आमचं म्हणणं नाही' म्हणाला तर पुन्हा लिहा.

आता कॉलेजचं बोलू

इथवर थोडं घरी झालं असेल तर कॉलेज निवडणं सोपं जातं कारण आपल्याला काय येत नाही ते माहीत असतं. डिग्री कोण मान्य करतं आणि तुमचं चर्च ती धरतं का, हे झालंच. पुढे बघा की शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः मंडळीत काम करतात, लायब्ररीत संध्याकाळी बसता येतं का, मूळ भाषा शिकवतात की नुसत्या सिलॅबसमध्ये आहेत, प्रॅक्टिकलवर देखरेख कोण करतं. आणि पास होऊन पाच वर्षं झालेल्या दोघांशी फोनवर बोला, माहितीपुस्तिकेत नसतं ते तिथे कळतं. एम.डिव. (सेवेसाठीची मास्टर्स डिग्री) साधारण तीन वर्षांचं असतं, त्या आधीचं बी.टीएच. (थिऑलॉजीची बॅचलर्स डिग्री) तीन ते चार वर्षांचं, ऑनलाइन आणि पार्टटाइमही मिळतं. ऑनलाइन वाईट नाही, नोकरी आणि घर सांभाळणाऱ्यांना तोच रस्ता आहे, पण मग जवळच्या मंडळीत कोणीतरी तुमच्यावर नजर ठेवणारं हवं. कर्ज काढून शिकणार असाल तर हप्ता सेवेच्या मानधनातून फिटेल का ते आधी कागदावर मांडा. सेवेच्या नावाखाली हा हिशोब टाळणारे पुढे पैशासाठी जागा बदलत राहतात.

पायरी ६: माणसांजवळ बसायला शिका

१९२५ साली अँटन बॉइसन या पाळकाने अमेरिकेतल्या वुस्टर स्टेट हॉस्पिटलमध्ये थिऑलॉजीच्या विद्यार्थ्यांना मानसिक रुग्णांमध्ये काम करायला आणलं. तो स्वतः आधी मानसिक आजाराने हॉस्पिटलमध्ये राहून आलेला होता. त्यातून पुढे क्लिनिकल पास्टरल एज्युकेशन, म्हणजे रुग्णांमध्ये देखरेखीखाली काम करून सेवा शिकण्याचं प्रशिक्षण, उभं राहिलं, आज बऱ्याच सेमिनरी ते करायला लावतात. त्यातली एक पद्धत कोणालाही जमेल अशी आहे. कोणाला भेटून आलात की त्याच दिवशी आठवेल तेवढं संभाषण नाटकासारखं उतरवून काढा, तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, कुठे शांतता झाली, मी कुठे घाईने विषय बदलला. नाव-गाव बदलून ते तुमच्या मार्गदर्शकासमोर वाचा. बहुतेक नवख्यांच्या कागदावर एकच गोष्ट दिसते, समोरचा रडायला आला की आपण प्रार्थना सुरू केलेली असते, आणि ती त्याच्यासाठी कमी, आपल्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून जास्त.

ईयोबाचे मित्र इथे नीट वाचावेत. २:१३ मध्ये ते सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं बरोबर होतं. मग त्यांनी तोंड उघडलं. त्यांची बरीच वाक्यं सुटी काढली तर थिऑलॉजीच्या पेपरात मार्क मिळवतील, आणि तरी ४२:७ मध्ये परमेश्वर म्हणतो की तुम्ही माझ्याबद्दल यथार्थ बोलला नाहीत.

याच काळात गोपनीयता, मुलांच्या सुरक्षेचे नियम, आणि कोणाला कधी डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे पाठवायचं हे शिकून घ्या. हे चर्चच्या लेखी पॉलिसीत असतं, नसेल तर विचारा का नाही.

आणि स्वतःची प्रार्थना अभ्यासात विरघळू देऊ नका, ही तक्रार सेमिनरीत सगळीकडे ऐकू येते, दिवसभर बायबल हातात आणि देवाशी बोलणं शून्य. सोपा उपाय म्हणजे रोज पाच स्तोत्रं, तीस दिवसांत १५० होतात, त्यांच्यावर नोट्स काढायच्या नाहीत.

पायरी ७: आता प्रवचन

उलट बाजूने सुरुवात करणारे आधी विषय ठरवतात, मग तीन मुद्दे, मग त्यांना चिकटवायला वचनं शोधतात. तुम्ही उतारा आधी घ्या, लहान, दहा-पंधरा वचनांचा. सोमवारी नुसता वाचा. मंगळवारी वर सांगितल्यासारखं दिसेल ते लिहा, मागचा-पुढचा अध्याय बघा. बुधवारी कॉमेंटरी, दोनच, शक्यतो वेगवेगळ्या परंपरेतल्या. गुरुवारी एक वाक्य लिहा, हा उतारा त्याच्या पहिल्या ऐकणाऱ्यांना काय सांगत होता, आणि त्याखाली दुसरं, तोच उतारा आज आपल्या मंडळीला काय सांगतोय. ही दोन वाक्यं जमत नसतील तर पुढे जाऊ नका, उदाहरणं आणि विनोद गोळा करून ती पोकळी भरत नाही. शुक्रवारी पूर्ण लिहून काढा, शनिवारी मोठ्याने बोला आणि घड्याळ लावा. वीस मिनिटं पुष्कळ झाली. लिहिलेल्यातलं जे कापताना सगळ्यात जीवावर येतं ते बहुधा कापायलाच हवं असतं, कारण ते आपण किती अभ्यास केला हे दाखवण्यासाठी ठेवलेलं असतं.

दुसऱ्याच्या प्रवचनातलं उचलायचं असेल तर तसं सांगून उचला. एआयकडून पूर्ण संदेश लिहून घेणंही आता सर्रास चालतं, आणि माहिती शोधायला ते वापरायला माझी ना नाही, पण गुरुवारची ती दोन वाक्यं तुमचीच हवीत, नाहीतर संदेशानंतर कोणी दाराशी थांबवून एक प्रश्न विचारला की उत्तर नसतं. संदर्भही तपासून घ्या, न घडलेल्या गोष्टी ते अगदी ठामपणे सांगतं.

पहिली काही प्रवचनं झाल्यावर 'कसं झालं' असं विचारू नका, सगळे छान झालं म्हणतात. तीन माणसं आधीच ठरवा, एक म्हातारं, एक कॉलेजातलं पोर, एक नवीन आलेलं, आणि दोन दिवसांनी त्यांना विचारा की काय लक्षात राहिलं. त्यांचं उत्तर तुमच्या गुरुवारच्या दुसऱ्या वाक्याशेजारी लिहा. तिघांनाही उदाहरणातली गोष्टच आठवत असेल आणि उतारा कुठला होता तेही आठवत नसेल, तर पुढच्या वेळी उदाहरण काढून टाका आणि उतारा दोनदा वाचून दाखवा.